कमी ऐकणाऱ्यांचं बिऱ्हाड

३ मार्च

कंपनीची नोटीस आली. म्हणजे पडद्यावर एक चौकोन, त्यात दात दाखवणारी बाई आणि वर लिहिलेलं, 'आनंदाची बातमी!' मी सव्वीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. एखादा पक्ष आनंदाने सुरुवात करतो तेव्हा जप्तीचा हुकूम दुसऱ्या परिच्छेदात असतो.

होताच. एक मेपासून शंभराच्या आत सभासद असलेल्या सगळ्या गटांच्या 'बोलक्या खोल्या' होणार. लिहायचं बंद, बोलायचं सुरू. खाली घोषवाक्य: आपल्या माणसांचा आवाज ऐका.

आमच्या गटाचं नाव 'ओरडू नका'. सभासद त्रेसष्ट. सगळे असे, की आधी धड ऐकत होते आणि मध्येच कधीतरी कान गेले. कुणाचे तापात, कुणाचे कारखान्यात. माझे कशाने गेले ते तीन डॉक्टरांना सांगता आलं नाही. चौथ्याने 'होतं असं कधीकधी' हे निदान केलं आणि खाली सही ठोकली. दुसऱ्यांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेणं हीच माझी नोकरी, त्यामुळे कान गेल्यावर नोकरीनेही फार वाट पाहिली नाही. मशीन घातलं की आवाज येतो, शब्द येत नाहीत. समोरचा माणूस तोंड दाखवून सावकाश बोलला तर ओठांवरून बरंचसं जमतं. पण तसं बोलणारा समोरचा माणूस आणायचा कुठून? म्हणून माझ्या गप्पा म्हणजे हा गट.

कंपनीला लिहिलं, आम्ही बहिरे आहोत, आमची खोली बोलकी करून उपयोग नाही. तासाभरात उत्तर आलं: 'आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. अधिक माहितीसाठी आमच्या मदतवाहिनीवर फोन करा.'

हे वाक्य मी वेगळं उतरवून ठेवलंय. असं वाक्य रोज जन्माला येत नाही.

५ मार्च

गटात दोन दिवस नुसती रडारड. शेवटी सुतार पुढे आला. हा खराच सुतार आहे, करवतीच्या मशीनने दोन्ही कान खाल्ले. त्याने लिहिलं, "ताई, दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहिलं की हेच होणार. आपलं बांधू."

मग त्याने समजावलं ते असं. काही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ती आपल्या कॉम्प्युटरवर टाकली की आपलं एक छोटं गाव तयार. अशी हजारो गावं आहेत, प्रत्येकाचा कारभारी वेगळा, नियम वेगळे, पण या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी बोलू शकतो. सगळ्यांचा मिळून मालक असा कुणीच नाही.

"मग बिघडलं तर जबाबदार कोण?" मी विचारलं.

"ज्या त्या गावचा कारभारी."

"आणि आपला कारभारी कोण?"

यावर त्रेसष्ट माणसं गप्प झाली. आमच्याकडे गप्प होणंही लेखी असतं. वाचल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही. अशा रीतीने माझी एकमताने निवड झाली.

नाही म्हणायला पोस्टमननी दोन ओळी लिहिल्या: "बाई, तुम्ही कराल. मी तुमच्याबरोबर येतो." निवृत्त पोस्टमन, वय चौऱ्याहत्तर, बसने चार तासांवरच्या गावात एकटे राहतात. रोज सकाळी सातला गटावर 'आज उठलो, बाकी ठीक' असं टाकतात आणि मग पानभर लिहितात. कुणी वाचो न वाचो.

९ मार्च

नवऱ्याला सांगितलं. (दैनंदिनीत मी त्याला अरे-तुरे करते, तोंडावर अहो. दोन्हीकडे ऐकत नाही तो भाग वेगळा.)

तो औषधांच्या दुकानात काउंटरमागे असतो. तीस वर्षं झाली. लोक लाजत लाजत काय काय मागतात, म्हणून त्याला कुजबुजायची सवय. जगात एवढे खणखणीत नवरे असताना बहिरी होणाऱ्या बाईला कुजबुजणारा मिळावा, याला योग लागतो. माझं पुराण संपेपर्यंत तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. हल्ली हे नवीनच सुरू झालंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी बघायचा तसं. उतारवयात काही पुरुषांचं होतं म्हणे असं.

शेवटी म्हणाला, "बरं."

संध्याकाळी येताना दुकानातला मोडीत निघालेला, बिलं करायचा कॉम्प्युटर स्कूटरवर बांधून घेऊन आला. रिकामं प्लगपॉइंट फक्त झोपायच्या खोलीत आहे. तिथे टेबलाखाली ठेवला. आता ते आमचं गाव.

१५ मार्च

सहा दिवस या सॉफ्टवेअरशी झुंजतेय. त्याचं नाव मी 'थोरला' ठेवलंय, कारण सगळे हाच वापरतात आणि घरातल्या थोरल्यासारखा सगळं खाऊनही याचं भागत नाही. हे चालायला आणखी चार सॉफ्टवेअर लागतात. त्या चारांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागते. सूचनांच्या पानावर 'सोपं आहे' हा शब्दप्रयोग अकरा वेळा आलाय. मी मिनिटाला एकशे चाळीस शब्द घेणारी बाई, एका विसरलेल्या पूर्णविरामापायी अख्खी दुपार घालवली.

पण आज दार उघडलं. नऊ जण आले. सुताराने टाळ्यांचं चित्र टाकलं.

१८ मार्च

थोरल्यात एका वेळी पाचशेच अक्षरं लिहिता येतात. पोस्टमनचं सकाळचं पत्र सात तुकड्यांत आलं आणि नवं ते वर या नियमाने शेवटचा तुकडा सगळ्यात वर दिसला. लोकांनी आधी 'कळावे' वाचलं आणि मग 'आज उठलो'. पोस्टमन संतापले. "नोकरीत अशी डाक वाटली असती तर निलंबित झालो असतो," म्हणाले.

दुसरं म्हणजे, आमचा सुतार ज्या ज्या गावांतल्या लोकांचं वाचतो, त्यांचे सगळे फोटो आमच्या कॉम्प्युटरवर येऊन साठतात. त्यात बहुतेक मांजरं. परगावची चारशे मांजरं सध्या आमच्या झोपायच्या खोलीत पोसली जात आहेत.

जिन्यात शेजारच्या बाई नवऱ्याशी पाच मिनिटं बोलत होत्या. वर आल्यावर विचारलं, काय म्हणत होत्या? "विशेष काही नाही." पाच मिनिटं हातवारे करून विशेष काही नाही! ज्याला ऐकू येतं त्याने दुसऱ्याला सांगायचा एवढा कंटाळा करावा?

२२ मार्च, रविवार

धाकटी नणंद आली होती. ती माझ्याशी बोलते म्हणजे ओरडते. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, त्यामुळे तिचं मला सगळ्यात कमी कळतं. पर्स ठेवायला आत गेली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आली.

"वहिनी! आत काय पिठाची गिरणी लावलीय?"

मला कळेना. तिने माझा हात धरून नेलं आणि त्या कॉम्प्युटरवर ठेवला. थरथरत होता. थोरल्याच्या भुकेपायी आतला पंखा दिवसरात्र घरघरतोय म्हणे, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतका.

"दादा झोपतो कसा इथे?" तिने विचारलं.

तेरा रात्री. हा माणूस त्या गिरणीत तेरा रात्री झोपला आणि एका शब्दाने बोलला नाही. मला खरंच भरून आलं. मी त्याच्याबद्दल या वहीत काय काय लिहिलंय ते आठवून लाज वाटली. तो आल्यावर त्याचा हात धरला आणि म्हटलं, "अहो, आवाजाचं बोलला का नाहीत?"

"कसला आवाज?" तो म्हणाला.

इतकं मोठं मन. मी डोळे पुसले आणि आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला.

२६ मार्च

नवं सॉफ्टवेअर शोधतेय. या प्रांतातली भाऊबंदकी आपल्या कोर्टातल्यापेक्षा खानदानी आहे. एका सॉफ्टवेअरवर तिघं काम करत होते. बटणाच्या रंगावरून भांडले. आता त्याच सॉफ्टवेअरच्या तीन वाटण्या झाल्यात आणि प्रत्येक वाटणीच्या पानावर बाकीच्या दोघांचं नाव न घेता त्यांची यथेच्छ निंदा आहे. मी सव्वीस वर्षं वाटणीचे दावे लिहून घेतलेत. इथे निदान विहिरीवरून मारामारी नाही.

त्यातला 'धाकटा' पसंत केला. एकाच माणसाने बनवलेला, हलकाफुलका. बनवणाऱ्याला तीन प्रश्न विचारले. त्याचं उत्तर एका शब्दाचं: "वाचा." नवऱ्याचा कुणीतरी लांबचा नातेवाईक असावा.

अडचण अशी, की बिऱ्हाड हलवताना माणसं येतात, त्यांच्या ओळखीपाळखी येतात, पण आधी लिहिलेलं येत नाही. ते जुन्या घरात राहतं. मी हळहळले तर सुतार म्हणाला, "ताई, मुलांची उंची मोजायला दाराच्या चौकटीवर खुणा करतात ना? चौकट नेता येत नाही. मुलं नेता येतात."

हा माणूस करवतीवर फुकट गेला.

३० मार्च

धाकटा पळतोय. पत्र कितीही लांब लिहा, सरळ दिसतं. कॉम्प्युटरवर हात ठेवून पाहिला, गार आणि शांत. एक्केचाळीस जण आले. पोस्टमननी पहिलं अखंड पत्र टाकलं, त्यात त्यांच्या खिडकीतली कुंडी, गुडघा आणि जगाची अधोगती असे तिन्ही विषय होते. लोकांनी दिवसभर उत्तरं दिली.

सेटिंगच्या यादीत 'बाहेर ईमेल पाठवण्याची सोय (ऐच्छिक)' असं होतं. ऐच्छिक म्हटल्यावर मी पुढे गेले. कोर्टात ऐच्छिक असतं ते कुणी करत नाही.

६ एप्रिल

पोस्टमन चार दिवस आलेले नाहीत.

दोन तारखेला मी धाकट्याची नवी आवृत्ती टाकली तेव्हा सगळ्यांना पुन्हा पासवर्ड घालून आत यावं लागलं. बाकीचे आले. पोस्टमन आले नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, रुसले असतील. आज चौथी सकाळ. सात वाजले, सव्वासात वाजले, 'आज उठलो' नाही. गटात कुणी काही लिहिलं नाही, पण सगळे जागे होते आणि सगळे तेच बघत होते. खुणा दिसत होत्या.

त्यांना फोन करायची कल्पना एका नव्या सभासदाने मांडली. बहिऱ्या माणसाला, बहिऱ्यांनी, फोन. मग त्याचं त्यालाच कळलं.

पत्ता माझ्याकडे होता. नवऱ्याला म्हटलं, "अहो, त्या गावात तुमच्या ओळखीचा औषधवाला असेल ना? फोन करून विचारा, म्हातारे दिसले का."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फोन नको."

"का नको?"

"फोनवर नीट होत नाही."

"काय नीट होत नाही? तीस वर्षं फोनवरच औषधं मागवताय ना?"

"मी जाऊन येतो," म्हणाला आणि उठून बसचं वेळापत्रक शोधायला लागला.

दोन मिनिटांचा फोन करायचा नाही आणि आठ तासांचा प्रवास करायचा. पुरुषांना घराबाहेर पडायला निमित्त लागतं, एवढाच अर्थ मला लागला. तरी उद्या डबा भरून देईन.

७ एप्रिल

संध्याकाळी परत आला. दारातच अंगठा वर केला.

पोस्टमन ठणठणीत आहेत आणि भयंकर चिडलेत. त्यांनी पत्र दिलंय. खऱ्या कागदावर, खऱ्या पाकिटात. जसंच्या तसं उतरवते:

'ॲडमिनबाई यांस. मी पासवर्ड विसरलो. "विसरलात?" हे बटण दाबलं. "आपल्याला ईमेल पाठवली आहे" असं आलं. मेल आली नाही. नऊ वेळा दाबलं, नऊ वेळा पाठवली म्हणाले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत न पाठवलेली डाक मी पाठवली म्हणून सांगितली नाही. चार दिवस मी कुणाशीही बोललेलो नाही. सकाळी उठल्यावर कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून कुंडीला सांगितलं. आपल्या यजमानांशी दोन तास गप्पा झाल्या, अर्धी वही भरली. सोन्यासारखा माणूस आहे. एक म्हाताऱ्याचं ऐका, त्यांच्या डाव्या बाजूला बसत जा.'

कुंडीचं वाक्य मी दोनदा वाचलं. ऐच्छिक म्हणून मी जे टाळलं त्याने एक माणूस चार दिवस मुका झाला. ती सोय रातोरात नव्हे, आज जेवायच्या आतच करून टाकली. पोस्टमनना पहिली मेल गेली. दहा मिनिटांत ते आत: 'आज उठलो. संध्याकाळी उठलो असं समजा.'

डाव्या बाजूला का बसायचं ते कळलं नाही. बसमध्ये त्या बाजूला ऊन लागत नसेल.

आणि ज्याला घरी दोन वाक्यं जड होतात, तो परक्या माणसाशी अर्धी वही बोलतो.

१३ एप्रिल

धाकट्याला दरवान नाही. कुणीही यावं, नाव नोंदवावं. काल एका दिवसात दोनशे साठ नवे 'सभासद' आले, सगळे केस वाढवायचं तेल विकणारे. त्यांनी आमच्या गावातून शेजारच्या गावांत जाहिराती फेकल्या. दुपारपर्यंत अकरा गावांनी आम्हाला वाळीत टाकलं. माझी बाजू ऐकायची कुणालाही गरज वाटली नाही. ऐकण्याच्या बाबतीत हे जग आमच्या गटापेक्षा पुढे गेलंय.

१७ एप्रिल

तिसरं बिऱ्हाड. भाऊबंदकीतली मधली वाटणी, म्हणून 'मधला'. खातो बेताने, पत्रं सरळ दाखवतो, आणि मुख्य म्हणजे दारात माणसाला थांबवून विचारतो: तुम्हाला इथे का यायचंय? उत्तर माझ्याकडे येतं. मी हो म्हटलं तर दार उघडतं. अकराही गावांना माफीपत्रं पाठवली, आठांनी परत घेतलं. उरलेली तीन अजून विचार करतायत. करू देत.

बावन्न जण आले. उरलेले अकरा जण बोलक्या खोलीतच थांबणार म्हणतात. बहिरी माणसं बोलक्या खोलीत काय करणार, असं विचारलं तर एकाने लिहिलं, "सवय."

१९ एप्रिल

दारात एक नवा माणूस उभा आहे. नाव लावलंय 'नवखा'. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. डावा आता चाललाय. घरी सांगितलेलं नाही. कामावर तर नाहीच.'

आत घेतला आणि खाजगीत लिहिलं, "घरी सांगून टाका. घरचे शहाणे असतील तर त्यांना एव्हाना कळलंही असेल."

थोड्या वेळाने उत्तर आलं: "घरचे फार शहाणे आहेत. कळलेलं नाही."

मला हसू आलं. काय लोक असतात! एका छपराखाली राहून माणसाला समोरच्याचे कान गेलेले कळू नयेत?

मग त्याने कामाचं लिहिलं. दिवसभर नावं ऐकावी लागतात, दोन नावं सारखीच वाटतात. गेल्या महिन्यात एकदा चूक झाली होती, अगदी शेवटच्या क्षणी लक्षात आली. तेव्हापासून रोज छातीत धडधडतं. बहुधा शाळेत हजेरी घेणारा मास्तर असावा. मी त्याला अनुभवाचा सल्ला दिला: "बोलून सांगू नका, गिळलं जातं. लिहून हातात द्या. आणि कागद देऊन पळून जाऊ नका, समोर बसून राहा."

"प्रयत्न करतो," म्हणाला.

मधल्यात एक खोट सापडली. येणारा माणूस कुठल्या कनेक्शनवरून आला ते ॲडमिनला दिसतं. नवखा आमच्याच घरातल्या कनेक्शनवरून आल्याचं दाखवतंय! गटाच्या फळ्यावर रीतसर नोंद केली: 'दोष क्रमांक चार: सॉफ्टवेअर परक्या माणसाचा पत्ता चुकून ॲडमिनच्या घरचा दाखवते. सुतार, बघणे.'

सुताराने वाचल्याची खूण आली. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं, "ताई, मला नाही वाटत दोष आहे." पुढे काही नाही. त्यालाही जमत नसलं की असा मोघम होतो.

२० एप्रिल

सकाळी चहा घेत होतो. नवऱ्याने खिशातून गोळ्या घालायचं ते छोटं खाकी पाकीट काढलं आणि माझ्या बशीशेजारी ठेवलं. मला वाटलं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. पाकीट रिकामं होतं. वर त्याच्या त्या बारीक औषधी अक्षरात लिहिलं होतं:

'नवखा मीच. दोष क्रमांक चार रद्द कर.'

आणि तो बसून राहिला. पळून गेला नाही.

मी त्याच्याकडे बघत होते आणि एकेक उलगडत होतं. शेजारच्या बाई पाच मिनिटं बोलल्या त्यातलं त्याला काहीच कळलं नव्हतं. फोन त्याला जमत नव्हता. आणि ती गिरणी. तेरा रात्री त्याने माझ्यासाठी काहीही सोसलं नव्हतं, त्याला ती ऐकूच आली नव्हती. त्या दिवशी मी जे डोळ्यांतून पाणी काढलं ते परत मागावंसं वाटलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. तोंड त्याच्यासमोर धरून, सावकाश. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी तसं बोलले, जसं लोकांनी माझ्याशी बोलावं म्हणून मी चार वर्षं गळा काढतेय.

"तुझं काय काय गेलं ते बघत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, घरात एकाला तरी ऐकू यायला हवं. दार वाजलं तर उघडायला."

"मग दोन वर्षं दार कसं उघडत होतात?"

"अंदाजाने. अधूनमधून उघडून बघायचो."

खरंच बघायचा. मला वाटायचं, घरात जीव रमत नाही.

मी काही लिहावं म्हणून पाकीट उलटं केलं. तो उठून माझ्या उजव्या हाताला आला, म्हणजे मी त्याच्या डाव्या बाजूला आले, आणि आम्ही तसेच बसून राहिलो. लघुलेखकाच्या नोकरीत एक खूण असते, 'साक्षीदार काही काळ बोलला नाही' अशी. आज तेवढंच लिहिण्यासारखं आहे.

२२ एप्रिल

दोन दिवस भांडतोय. लेखी. समोरासमोर बसून दोन वह्यांवर. मी म्हणते मालकांना सांगा. तो म्हणतो सांगितलं की काउंटर गेलं, आणि काउंटर गेलं की मी कोण? मी लिहिलं, 'तुम्ही चुकीची गोळी दिलीत तर ज्याने घेतली तो कोण?' त्याने ती ओळ बराच वेळ वाचली. मग लिहिलं, 'सोमवारी. पण तू बरोबर ये.'

भांडणात शब्द फिरवता येत नाहीत, दोन्ही बाजूंचा पुरावा वहीत राहतो. ही पद्धत आधी सुरू करायला हवी होती.

नणंदेला कळवलं. तिचं उत्तर आलं: 'वहिनी, दादाला ऐकू येत नाही हे मला दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या आवाजावरून केव्हाच कळलं होतं. मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार, तुमचा तर त्यावर गट आहे.'

पोस्टमनला माहीत, सुताराला माहीत, नणंदेला माहीत. कान गेलेल्यांच्या राष्ट्रीय तज्ज्ञ तेवढ्या अंधारात.

२७ एप्रिल, सोमवार

दुकानाच्या मागे मालकांची खोली आहे. तीन बाजूंना औषधांचे खोके, चौथ्या बाजूला खिडकी. मालक खिडकीला पाठ करून बसतात, त्यामुळे त्यांच्या तोंडावर अंधार. ओठ वाचायची सोय नाही. मी मनात म्हटलं, झालं.

नवऱ्याने चार ओळींचा कागद पुढे केला. कान, दोन वर्षं, गेल्या महिन्यातली हुकलेली चूक, सगळं. मालकांनी वाचला. चष्मा काढला. पुन्हा घातला, पुन्हा वाचला. मग उठले, आमच्याकडे पाठ करून मागच्या दाराकडे गेले आणि तिथूनच काहीतरी बोलले. मान थोडी हलली, खांदे हलले. वाक्य संपलं असावं, कारण ते थांबले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मी सव्वीस वर्षांत पुष्कळ माणसांना निकाल ऐकताना पाहिलंय, पण निकाल ऐकूच न आलेला माणूस पहिल्यांदा पाहत होते, आणि तो माझाच नवरा. त्याने भुवया उंचावल्या: तुला कळलं? मी नाही म्हणून मान हलवली. मी भुवया उंचावल्या: तुम्हाला? त्यानेही मान हलवली.

मालक तसेच उभे. उत्तराची वाट बघत.

कोर्टात लघुलेखकाने मध्ये बोलायचं नसतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माफ करा, आम्हा दोघांनाही ऐकू आलेलं नाही. लिहून द्या."

मालक वळले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेबलावरचं बिलबुक ओढलं, पेन झटकलं आणि लिहून आमच्यासमोर सरकवलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते, म्हणून मीच वाचलं.

'चहा साखरेचा की बिनसाखरेचा?'

मी ते त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. आणि आम्ही जे हसत सुटलो, ते थांबता थांबेना. काउंटरवरची माणसं आत डोकावून गेली. आमचा आवाज किती मोठा होता ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

मग मालकांनी बसून पानभर लिहिलं. त्यांना वर्षापासून कल्पना होती. नवऱ्याने बांधलेली प्रत्येक पुडी गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी ते स्वतः एकदा बघत होते. तो आपण होऊन सांगेल, म्हणून थांबले होते. काउंटर आता नको, यावर ते ठाम आहेत. पण मागणीच्या चिठ्ठ्या लेखीच येतात, मागचा साठा सांभाळायला आणि नव्यांना शिकवायला त्याच्याइतकं जाणणारा माणूस त्यांच्याकडे नाही. नवऱ्याने खाली लिहिलं, 'काउंटर आवडायचं मला.' मालकांनी लिहिलं, 'माहीत आहे.' नवऱ्याने आणखी दोन प्रश्न लिहिले, मालकांनी तीन उत्तरं लिहिली, मी मध्येच एक सूचना घुसडली.

चहा केव्हाच आला होता. तो पार निवला. लिहून बोलायला वेळ लागतो.